पुढून बसलेली गाडी

गोविंदा आला तेव्हा मी दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर धुतलेल्या पट्ट्या वाळत घालत होते. दुपार होती, पौषातलं ऊन अंगाला बरं वाटत होतं. तो फाटकातून आत आला, चपला काढून हातात घेतल्या आणि चिंचेखाली उभा राहिला. वडशाहून छोट्या रेल्वेनं चांद्याला यायचं म्हणजे त्यानं पहाटेच घर सोडलं असणार. माझी इकडं बदली झाल्यापासून कुरखेड्याकडचं माणूस असं अवचित दारात उभं राहण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळं मला आधी आनंदच झाला. मी एकेकाची चौकशी करत सुटले. त्याची म्हातारी आई कशी आहे, तलावाला यंदा मासोळी लागली का, माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंचं गावात जमतं का... तो प्रत्येकाला "बरं हाये" म्हणत राहिला. शेवटी मी विचारलं, आणि दामूभाऊ? तो हातातल्या चपलांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "थेच सांगाले आलो, बाई. दामूभाऊ गेले."

त्याला पाणी आणायला म्हणून मी आत गेले आणि माठापाशीच उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. बाहेर आले तेव्हा तो ओट्याच्या कडेला बसून माझ्या पट्ट्यांमधली एक वाऱ्यानं खाली पडलेली पट्टी पुन्हा दोरीवर टाकत होता.

दामूभाऊंचं नाव कुरखेडा ते वडसा या रस्त्यापलीकडं कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. ते एका जुन्या पिकअप गाडीचे मालक आणि चालक होते, एवढीच त्यांची ओळख. पुढं तिघं दाटीवाटीनं बसतील एवढी केबिन आणि मागं उघडा हौदा, अशी ती गाडी लढाईच्या दिवसांत लष्करानं वापरून लिलावात काढलेली. दामूभाऊंनी आधी बरीच वर्षं एका लाकडाच्या ठेकेदाराकडं गाडी चालवली होती. पुढं स्वतःची असावी म्हणून बायकोचे दागिने आणि बापाची थोडी धानाची जमीन घालून त्यांनी ती विकत घेतली. धान, मोहफुलं, लाख, बाजाराला जाणाऱ्या बाया, कधी बकऱ्या, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्या हौद्यात बसून वडशाच्या स्टेशनाला जाई. मी वर्ध्याकडची. दवाखान्यात नर्स म्हणून नेमणूक होऊन प्रथम कुरखेड्याला गेले ती त्याच गाडीतून, माझ्या ट्रंकेवर बसून. दामूभाऊ म्हणजे उंच, हाडकुळा माणूस. बोलताना मान थोडी कलती. माझ्याकडून भाडं घेताना इतके संकोचले, की मीच ते त्यांच्या खिशात टाकलं.

त्या गाडीला एक खोड होती आणि ती साऱ्या गावाला दिसत असे. ती पुढून बसलेली होती. लिलावात ती घेणाऱ्या आधीच्या मालकानं नाकासमोर जाडजूड लोखंडी गार्ड बसवला होता, त्याचा भार वर्षानुवर्षं पुढच्या चाकांवर. चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या ज्या पोलादी पाट्यांच्या कमानी असतात, त्या पुढच्या बाजूला सपाट होऊन गेल्या होत्या, डावीकडचा तर एक पाटा तुटलेलाच होता. मागचा भाग ताठ आणि नाक जमिनीकडं. दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चाकांपुढच्या धुळीत पडायचा. मी एकदा हसत म्हटलं होतं, दामूभाऊ, तुमची गाडी सगळ्यांना नमस्कार करत चालते का हो? तेही हसले. म्हणाले, म्हातारी झाली, मान वाकली तिची. त्या वेळी हा विनोद होता...

नव्या कमानी नागपूरहून आणाव्या लागणार, आणि त्या परवडण्यासारख्या नव्हत्या. तरी त्यांनी दोन हंगाम काटकसर करून त्यासाठी काही पैसे बाजूला टाकले होते, हे मला त्यांच्या बायकोनं, सखूबाईंनी, नंतर सांगितलं. पण त्या वर्षी पोळ्याच्या आधी वडशाला एक रंगारी आला होता. बैलांना सजवतात तशी गाडीही सजली पाहिजे असं दामूभाऊंच्या मनानं घेतलं. गाडी निळी झाली, दारांवर कमळं उमटली, हौद्याच्या मागच्या फळीवर मोराची जोडी. पोळ्याच्या दिवशी गावातल्या पोरांनी गाडीलाही बेगडाच्या माळा घातल्या. दामूभाऊ केबिनीत बसून नुसतेच हसत होते. त्यांना इतकं आनंदात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर तर नाहीच. कमानींचं पुढल्या वर्षी बघू, असं ठरलं.

त्याच भादव्यात गोविंदाच्या बायकोचं, यशोदाचं बाळंतपण आलं. गोविंदा कुरखेड्यापासून कोसभरावरच्या तळ्याकाठी राहणारा. घरची थोडी धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, आणि बाकी तलावातली मासेमारी. मला बोलावणं आलं तेव्हा दुपार व्हायला आली होती. बाळ आडवं होतं. माझ्या हातानं ते होण्यासारखं नाही, हे मला तपासताक्षणी कळलं. वडशाच्या मोठ्या दवाखान्यात नेल्याशिवाय इलाज नव्हता. गोविंदा धावत जाऊन दामूभाऊंना घेऊन आला. हौद्यात तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, जाड गादी केली, वर गोधडी, आणि यशोदाचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. पाऊस उघडला होता. आभाळ निळं होतं. दामूभाऊ इतक्या जपून चालवत होते, की गचका बसला की केबिनीतून मागं वळून माझ्याकडं बघायचे.

वाटेत एक नाला आहे. त्यावर पूल नव्हता, नुसता रपटा. म्हणजे दगडांचा ठेंगणा बांध, पावसाळ्यात ज्याच्यावरून पाणी वाहतं. त्या दिवशी पाणी गुडघ्याच्या आसपास असेल. आमच्यापुढं एक बैलगाडी सहज पार झाली. दामूभाऊंनी गाडी उतारावर घातली. उतारावर तिचं आधीच खाली असलेलं नाक आणखी खाली गेलं. मधोमध आलो आणि पुढं काहीतरी फडफडल्यासारखा आवाज झाला. इंजिनापुढचा पंखा पाण्याला लागला होता, त्यानं ते सगळं पाणी इंजिनावर उडवलं. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

नंतरचा सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढं आजही तसाच्या तसा आहे. दामूभाऊ पाण्यात उतरले, झाकण उघडलं, अंगातला सदरा काढून त्यानं एकेक भाग पुसू लागले. पुसायचे, चालू करून बघायचे, गाडी कण्हायची, पुन्हा गप्प. गोविंदा एकटाच मागून रेटत होता. यशोदा डोळे मिटून होती. मधूनच विचारायची, "निंगाली का गाडी, बाई?" मी म्हणायचे, निघतेच आहे आता. तिला उचलून पलीकडं न्यावं, तर पुढं कोसच्या कोस रस्ता. मागं न्यावं, तर मागं मीच काही करू शकले नव्हते. शेवटी गोविंदा शेतांमधून धावत जाऊन कुणाचे तरी बैल घेऊन आला. बैलांनी गाडी ओढून काठावर काढली, ती वाळली, चालू झाली. तोवर उन्हं पार कलली होती. दवाखान्यात पोचलो. बाळ आधीच गेलेलं होतं. यशोदा दिवेलागणीला गेली.

मोठे डॉक्टर भले माणूस होते. हात धुता धुता ते मला म्हणाले, की थोडं आधी आणली असती, तर बाई बहुतेक वाचली असती. मी बाहेर व्हरांड्यात आले. गोविंदा आत तिच्यापाशी होता. दामूभाऊ पायरीवर उघड्या अंगानं बसले होते, तो काळपट सदरा हातात पिळून धरलेला. त्यांनी मला विचारलं, "बाई, खरं सांगा. नाल्यात अडकलो नसतो, त वाचली असती का?"

मी म्हटलं, "असती... बहुतेक."

दुसरा शब्द त्यांनी ऐकला की नाही, मला ठाऊक नाही. पहिला मात्र त्यांनी ऐकला आणि तो आयुष्यभर जपून ठेवला. मी खोटं बोलले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगितलं. समोरचा माणूस इतकं सरळ विचारत असताना फिरवून बोलणं मला जमलं नाही. आमच्या कामात 'सांगता येत नाही' असं एक वाक्य आहे. त्यानंतर मी ते किती जणांना किती वेळा म्हटलं असेन. त्या संध्याकाळी ते माझ्या तोंडात आलं नाही. खरं बोलल्याचंही मनाला लागून राहू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दामूभाऊंनी गाडी घरामागं आंब्याखाली लावली आणि चालवणं सोडलं. बाजाराच्या दिवशी बाया दारात येऊन थांबायच्या आणि परत जायच्या. सखूबाई एके दिवशी दवाखान्यात आल्या. त्यांना औषध हवं होतं, पण कशावर, हे त्यांना सांगता येईना. एवढंच म्हणाल्या, की हे जेवत नाहीत आणि सकाळी उठून त्या गाडीपुढं जाऊन बसतात, जसं काही ती बोलणार आहे. तेव्हाच त्यांनी मला कमानींच्या पैशांचं आणि रंगाचं सांगितलं. मी भेटायला गेले. दामूभाऊ खरंच गाडीसमोर उकिडवे बसलेले होते, एक डोळा मिटून तिच्या नाकाची रेघ बघत. मला म्हणाले, की आता कसंही करून हिला पुढून उचलायची. त्याशिवाय या गाडीत माणूस बसवायचं नाही. पण आता हाताशी काहीच उरलं नव्हतं. होतं ते रंगात गेलं होतं आणि गाडी उभी असल्यानं नवं येत नव्हतं.

वडशाच्या एका मिस्त्रीनं त्यांना स्वस्तातला मार्ग सुचवला. कमान आणि तिच्याखालचा, दोन चाकांना जोडणारा आडवा कणा, यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा द्यायचा. जेवढा ठोकळा जाड, तेवढं नाक वर. दामूभाऊंनी बीजाच्या झाडाच्या पक्क्या लाकडाचे दोन ठोकळे घडवून घेतले आणि दुपारभरात बसवले. गाडी समोरून ताठ उभी राहिली. बघायला लोक जमले. तो ताठपणा फसवा होता. गावाबाहेरच्या उतारावर ते एकटेच गाडी घेऊन गेले. उताराच्या शेवटी त्यांनी ब्रेक दाबला, तसा पुढचा कणा ठोकळ्यांवर मागं पिळला, हातातलं चाक आपोआप फिरलं आणि गाडी बांधीत जाऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आदळली. एक ठोकळा उभा फाटला होता. मी कामावरून त्याच वाटेनं परत येत होते. दामूभाऊ धुऱ्यावर बसले होते. लागलं काहीच नव्हतं. म्हणाले, "हौद्यात कोनी असतं, त?" त्या फाटलेल्या ठोकळ्याकडं ते असे बघत होते, की जणू तो ठोकळाही त्यांच्याच मनातून निघाला होता. स्वस्तात सुटू बघणारा.

मग त्यांनी लांबचा रस्ता धरला. आधी तो लोखंडी गार्ड काढला. तो निघाल्याबरोबर गाडी बोटभर वर आली. इतकी वर्षं कुणाच्याही उपयोगाचा नसलेला तो भार आपण वाहत होतो, म्हणून ते स्वतःवरच चिडले. त्यांच्या ओळखीचा एक जण माजरीला कोळशाच्या खाणीकडं होता. तिथल्या एका भंगारवाल्याकडं मोडीत निघालेल्या ट्रकचे पाटे पडलेले असत. तो गार्ड पोत्यात बांधून दामूभाऊ माजरीला गेले, लोखंडाच्या बदल्यात लोखंड घेतलं आणि दोन चांगले पाटे खांद्यावर टाकून परत आले. मग गाडी लाकडाच्या ओंडक्यांवर चढवली, चाकं काढली, पुढच्या कमानी सोडवून पाटा न् पाटा वेगळा केला. सपाट झालेल्या पाट्यांना पुन्हा बाक द्यायचा, तर तो दोन्ही बाजूंचा सारखा यायला हवा. त्यासाठी सपाट जागा लागते, आणि गावात सिमेंटची फरशी एकच होती, दवाखान्याच्या व्हरांड्यातली. तिथं दामूभाऊंनी कोळशानं एक मोठी कमान आखली. लोहार पाटा तापवायला निघाला होता, दामूभाऊंनी तापवू दिला नाही. तापवला की पोलादाचा ताव, म्हणजे ओझ्याखालून परत उठायची ताकद, जातो, मग तो पुन्हा बसणार. थंडच ठोकायचा, हळूहळू, आणि दर थोड्या वेळानं त्या काळ्या रेघेवर ठेवून बघायचा. माझ्या दवाखान्यात तापाचे रोगी तो घणाचा आवाज ऐकत पडून असायचे. कुणीही तक्रार केली नाही. हे कशासाठी चाललंय, ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्यांतल्याच एका दुपारी गोविंदा आला. यशोदा गेल्यापासून तो आणि दामूभाऊ समोरासमोर आलेले नव्हते. दामूभाऊ तळ्याकडचा रस्ताच टाळत. मी आत औषधं मोजत होते, दार उघडं होतं. लोहार जेवायला गेला होता आणि दामूभाऊ एकटेच पाट्यावर हातोडा मारत होते. हातोडा थांबला म्हणून मी मान वर केली. गोविंदा पायरीपाशी उभा होता. दामूभाऊंनी हातोडा खाली ठेवला.

"गोविंदा, गाडी पुढून बसली होती, हे मले पावसाच्या आधीपासूनच ठाऊक होतं. पैसा बी होता. मी रंग मारला."

गोविंदा खाली बसला. फरशीवरच्या त्या कोळशाच्या रेघेवर त्यानं बोट ठेवलं. "मले बी ठाऊक होतं," तो म्हणाला. "गाडी कोनाले दिसत नोहोती, भाऊ? तरी तुमालेच बलावलं. अन् तिले त सकाळपासूनच दुखत होतं. आई म्हने, थांब, होते. मी तलावावर गेलो. जाळं टाकलेलं होतं मी."

गोविंदा पुढं म्हणाला, "मी माफ कराले नाई आलो. मले थे येत नाई. हे पुढून उचला, बस. मी धरतो." आणि त्यानं पाट्याचं दुसरं टोक धरलं. लोहार परत आला तेव्हा दोघं पाटा ठोकत होते. मी दार हलकेच लोटून घेतलं. आत येऊन मी पुन्हा गोळ्या मोजू लागले आणि पुन्हा पुन्हा चुकू लागले. त्या दिवशी गाडीत मीही होते. मलाही काही बोलायचं होतं. पण माझ्या हाताशी ठोकायला पाटा नव्हता.

कमानी परत चढल्या, माजरीचे पाटे लांबीला कापून त्यांच्यात बसवले, झिजलेल्या रबरांच्या जागी जुन्या टायरचे तुकडे कातरून घातले. गाडी जमिनीवर उतरवल्यावर दामूभाऊंनी सखूबाईंकडून पितळेची परात मागवली. हौद्याच्या फळीवर ती ठेवून काठोकाठ पाणी भरलं आणि कुठल्या कडेनं सांडतं ते बघत राहिले. डावीकडं सांडलं. पुन्हा सगळं उघडलं. कणा जरा कलला होता म्हणून गाडी चालताना भरकटायची, त्यासाठी लोखंडाची एक बारीक पाचर ठोकली. परातीतलं पाणी अखेर कुठल्याच कडेनं सांडेना, तेव्हा जमलेल्या पोरांनी ओरडा केला. दामूभाऊंनी ते पाणी आंब्याच्या मुळाशी ओतलं, परात पुसून सखूबाईंच्या हातात दिली आणि घरात निघून गेले.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत किती बाया त्या हौद्यातून वडशाला गेल्या असतील! पोटुशी बाई असली, की दामूभाऊ भाडं घेत नसत. कुणी त्यांना पुण्यवान म्हटलं की मात्र भडकत. एकदा एका म्हाताऱ्यानं पाया पडायला हात पुढं केला, तर ते अक्षरशः पळून गेले. गाडीला त्यांनी पुन्हा रंग लावला नाही. कमळांचे पोपडे निघाले, मोरांची तोंडं गेली, खालचा लष्करी हिरवा रंग दिसू लागला. सखूबाई म्हणायच्या, निदान फळी तरी रंगवा. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. गोविंदा मात्र गाडीवर येऊ लागला. आधी माल चढवायला, मग शेजारी बसायला, पुढं दामूभाऊंनी त्याला चालवायला शिकवलं. दोघांच्यात फारसं बोलणं कधी झालंच नाही. मैत्री म्हणावी, तर तसं काही दिसत नसे. एकाच घराला सुतक असलेली दोन माणसं जशी एकमेकांजवळ बसून राहतात, तसे ते केबिनीत बसलेले असत.

मी एकदा प्रयत्न केला. खूप उशिरा, पण केला. एका बाईला सुखरूप पोचवून आम्ही परत येत होतो. ती आणि तिचा मुलगा, दोघं ठीक होते. मी म्हटलं, दामूभाऊ, त्या दिवशी यशोदा वेळेवर पोचली असती, तरी काही सांगता येत नव्हतं. अशा किती तरी बाया टेबलावर जातात. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "तुमी तवाच खरं बोलल्या, बाई. आता काऊन बदलवून राह्यल्या?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट, माझ्यावर काही ओझं असेल, तर ते आपण उतरवून ठेवावं, अशी एक काळजी होती. गाव येईपर्यंत मीही रस्त्याकडंच बघत बसले.

बदली झाली तेव्हा वडशाच्या स्टेशनावर त्यांनीच मला पोचवलं. ट्रंक डब्यात चढवली, सुतळीनं बांधलेली करडईच्या तेलाची बाटली दिली. येत जा म्हणाले. मी हो म्हटलं. चांदा ते वडसा काही परदेश नव्हे. पण कधी सुट्टी नाही, कधी साथ, कधी नुसताच आळस... मी गेले नाही.

गोविंदानं त्या दुपारी ओट्यावर बसून बाकीचं सांगितलं. दामूभाऊंना हिवतापानं धरलं होतं. त्या भागात ताप अंगावर काढायची सवयच असते, पण सखूबाईंनी या वेळी ऐकलं नाही. ताप डोक्याकडं जातोय असं वाटताच त्यांनी गोविंदाला निरोप धाडला. तो आला, त्यानं दामूभाऊंना हौद्यात तणसावर निजवलं आणि स्वतः गाडी चालवत वडशाला नेलं. हे सगळं तो अगदी हळू, एकेक गोष्ट ओळीनं मांडल्यासारखं सांगत होता.

"टायमावर पोचलो होतो, बाई," तो म्हणाला. "गाडी एकदा बी थांबली नाई. डॉक्टर बी म्हने, उशीर नाई केला तुमी. सारं केलं त्याइनं. तरी गेले."

मग तो थांबला. मला वाटलं रडेल, पण रडला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "मंग तवा बी..." आणि पुढचं तो बोलला नाही. प्रश्न मला कळला होता. तोच प्रश्न एकदा मला व्हरांड्याच्या पायरीवर विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर मी चटकन देऊन टाकलं होतं. या वेळी मी म्हटलं, "सांगता येत नाही, गोविंदा." त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं की नाही, हेही मला सांगता येणार नाही. ते ज्यांना ऐकवायचं होतं, ते ऐकायला उरले नव्हते.

गेल्या आठवड्यात मी कुरखेड्याला जाऊन आले. जायला हवं होतं तेव्हा गेले नाही, हे सखूबाईंनी एका शब्दानंही दाखवलं नाही, आणि तेच अधिक लागलं. त्यांनी भात वाढला, मी जेवले. गाडी आंब्याखाली होती, नाक सरळ, मागच्या फळीवर निळ्या रंगाचे काही कपचे तेवढे उरलेले. गाडी आता गोविंदा चालवतो आणि येणाऱ्यातलं निम्मं सखूबाईंना देतो. परतताना वडशाला तोच सोडायला निघाला. हौद्यात धानाची पोती होती, केबिनीत आम्ही दोघं.

नाला आला. माघ महिना, पाणी जेमतेम घोटाभर, तळाचे दगड मोजता येतील इतकं नितळ. गोविंदानं उताराच्या तोंडाशी गाडी थांबवली, हातब्रेक ओढला, चपला काढून केबिनीत ठेवल्या आणि खाली उतरला. मला कळेना. मग आठवलं. यशोदानंतर दामूभाऊंनी हा नाला एकदाही सरळ गाडीनं ओलांडला नाही. पूर असो की नाला कोरडा, हौद्यात पेशंट असो की पोती, आधी उतरून स्वतः चालत पलीकडं जायचे, परत यायचे, मगच गाडी घालायचे. सुरुवातीला लोक हसायचे, पुढं सवय झाली. मीही कितीदा केबिनीत बसून त्यांची ती कलती मान पाण्यातून जाताना बघितली होती.

गोविंदा पलीकडच्या काठापर्यंत गेला. तिथं क्षणभर उभा राहिला, वळला, आणि तसाच पाण्यातून परत आला. धोतराच्या सोग्यानं पाय पुसले, चपला घातल्या. त्यानं गाडी हळूच उतारावर घातली.